इंप्लांटवरील झिर्कोनिया कॅप : पकडीच्या मोजमापाची चिकित्सा

इंप्लांटवरील सिरॅमिक कॅप किती घट्ट बसते, हे तपासण्याची प्रयोगशाळेतील रीत बहुधा एकच असते. टायटॅनियमच्या खुंटावर सिमेंटने कॅप बसवायची, ५ व ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून-पालटून बुडवायची आणि ती निघेपर्यंत यंत्राने सरळ ओढून बल न्यूटनमध्ये नोंदवायचे. या अभ्यासांचे मोल नाकारता येत नाही. झिर्कोनियात काच नसल्याने आम्लाने तो नेहमीसारखा खरखरीत होत नाही. ॲल्युमिनाच्या कणांचा मारा आणि फॉस्फेट मोनोमरयुक्त रेझिन सिमेंट यांनी पकड वाढते, हे त्यांतूनच कळले.

मात्र मोठा आकडा म्हणजे चांगले सिमेंट, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. चावताना कॅपवर सरळ ओढ नव्हे, तर तिरके बल पुनःपुन्हा पडते. खुंटाची उंची किंवा निमुळतेपणा बदलला, तर दोन अभ्यासांतील आकड्यांची तुलनाही होऊ शकत नाही.

याहून मोठी उणीव निकषातच आहे. टायटॅनियमला कीड लागत नाही. पण आतला स्क्रू सैल होऊ शकतो. तो आवळायचा तर कॅप न फोडता निघायला हवी. हिरडीखाली उरलेले सिमेंटही अपायकारक असते. विल्सन यांच्या २००९ च्या अभ्यासात, इंप्लांटभोवती विकाराची लक्षणे असलेल्या ८१ टक्के प्रकरणांत जादा सिमेंट आढळले.

तेव्हा कॅप किती घट्ट बसते, एवढेच मोजणे अपुरे आहे. ती सुखरूप काढता येते का आणि सिमेंट पूर्ण साफ होते का, हेही त्याच अभ्यासात तपासले पाहिजे.