‘मनीबॉल’ आणि १२ वर्षांचा खेळाडू

‘मनीबॉल’ (२०११) पाहून एक सोपा निष्कर्ष निघतो: नजर फसवते, आकडे खरं बोलतात. अमेरिकेत आता पोरांच्या बेसबॉल लीगचा स्कोअरही फोनवरच्या अ‍ॅपमध्ये भरतात. मग कोचने प्रत्येक मुलाला त्याचे आकडे दाखवले तर बिघडलं काय? पण सिनेमा नीट पाहिला, तर उत्तर इतकं सरळ राहत नाही.

स्कॉट हॅटेबर्गचंच बघा. कोपर दुखावलेला, चेंडू फेकता न येणारा कॅचर. ओकलंडची टीम त्याला घेते, कारण तो बेसवर पोचतो. हिट मारून, तसंच चार वाईट चेंडू सोडून मिळणाऱ्या ‘वॉक’वरही. बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये वॉक धरतच नाहीत. म्हणजे सिनेमातलं भांडण आकडा विरुद्ध नजर एवढंच नाही. कुठला आकडा, हाही त्यात प्रश्न आहे.

तोही शेकडो वेळा बॅटिंग केलेल्या माणसाचा आकडा. एखाद्या मुलाच्या हिशेबात ४० अ‍ॅट-बॅट असतील, तर १० हिट म्हणजे ०.२५० आणि १२ म्हणजे ०.३००. ‘बरा’ आणि ‘भारी’ यांत फक्त दोन हिटचं अंतर! त्यातही हिट की एरर, हे ठरवणारा बऱ्याचदा कुणाचा तरी बाबाच असतो.

शिवाय बिली बीन आकडे वापरतो ते माणसं घ्यायला आणि काढायला. हॅटेबर्गला खेळवायचं म्हणून तो कार्लोस पेन्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकतो. पोरांच्या कोचला कुणाला विकायचं नसतं, शिकवायचं असतं.

म्हणून आकडे लपवावेत का? नाही. मूल ते अ‍ॅपवर शोधेलच, आणि सगळ्यात निरुपयोगी आकडा धरून बसेल. सिनेमाच्या शेवटाकडे एक व्हिडिओ आहे. दुसऱ्या बेसकडे धावायला घाबरणारा जाडजूड जेरेमी ब्राऊन एकदाचा धाडस करतो, धडपडतो आणि रांगत पहिल्या बेसला मिठी मारतो. त्याने होमरन मारलाय, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलेलं असतं.

कोचचं काम तेवढंच आहे. सगळ्यांसमोर क्रमवारी लावायची नाही. मुलाला बाजूला घेऊन सांगायचं: तू नऊ वॉक मिळवलेस, तुला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा तू बेसवर पोचलास.