स्थावर मालमत्तेतील माणसे

मराठीत ‘वारसा’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक, तलाठ्याच्या दप्तरात. तिथे वारस म्हणजे बाप मेल्यावर ज्याच्या नावे जमिनीचा फेरफार होतो तो. दुसरा, सांस्कृतिक व्यासपीठावर. तिथे वारसा म्हणजे सर्वांनी जपावयाचा, अभिमान बाळगावयाचा ठेवा. पहिला मोजक्यांचा असतो. दुसरा मात्र सर्वांचा, असे आपल्याला सांगण्यात येते. या दोहोंचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझे म्हणणे असे की, सांस्कृतिक वारशाची यादी बहुतेक वेळा मालमत्तेच्या दप्तरावरूनच उतरवून घेतली जाते. ज्याच्या नावे जमीन, त्याच्याच नावे इतिहास.

हे विधान तपासण्यासाठी मी येथे एक अमेरिकन उदाहरण घेतो आहे. परदेशी उदाहरण यासाठी, की माणूस आणि मालमत्ता यांचे नाते तिथे कायद्याच्या भाषेत उघडपणे लिहिले गेले. आपल्याकडे ते धर्माच्या भाषेत झाकले गेले. शिवाय १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. तेव्हा त्या देशाच्या नोंदवह्या वाचण्याचा आपला हक्क जुनाच आहे.

व्हर्जिनिया राज्यात रिचमंड आणि विल्यम्सबर्ग या दोन शहरांच्या मध्ये, जेम्स नदीच्या उत्तर काठावर चार्ल्स सिटी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. नावात ‘सिटी’ असली तरी तिथे शहर नाही. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती सात हजारांच्या आत. शेते आहेत, रान आहे, आणि नदीच्या अंगाने प्लँटेशनची, म्हणजे गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या मळ्यांची, जुनी घरे आहेत. शर्ली हा मळा १६३८ पासून एकाच घराण्याकडे असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. बर्कली येथे अमेरिकेचा नववा राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन जन्मला. वेस्टओव्हर हे बर्ड घराण्याचे ठाणे. शेरवुड फॉरेस्ट हे दहावा राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर याचे तीनशे फूट लांबीचे लाकडी घर; हाच टायलर पुढे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांच्या बाजूने गेला. ही चारही घरे राष्ट्रीय महत्त्वाच्या ऐतिहासिक वास्तूंत गणली जातात.

अशा वास्तूंसाठी अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिचे निकष वाचण्यासारखे आहेत. वास्तूचा संबंध महत्त्वाच्या घटनेशी असावा, किंवा महत्त्वाच्या व्यक्तीशी असावा, किंवा तिची रचना वैशिष्ट्यपूर्ण असावी, किंवा तिच्यातून इतिहासाची माहिती मिळण्याजोगी असावी. एवढ्यावर भागत नाही. वास्तू बऱ्याच अंशी मूळ रूपात टिकलेली असावी लागते. त्यासाठी सात गोष्टी पाहतात: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, वातावरण आणि घटनेशी वा व्यक्तीशी असलेला संबंध.

वरवर पाहता यात पक्षपात कुठेच दिसत नाही. गोऱ्याचे घर घ्या आणि काळ्याचे घेऊ नका, असे कोणी लिहिलेले नाही. परंतु मूळ रूपात टिकते काय? विटांचे घर टिकते. गुलामांच्या लाकडी झोपड्या कुजतात, पाडल्या जातात, नांगराखाली जातात. मालकाने ज्यांना टिकाऊ घर मिळू दिले नाही, त्यांचे घर टिकले नाही म्हणून नोंदवही त्यांना वगळते. ‘कारागिरी’ हा निकष आहे. कारागीर हा नाही.

याहून बोलके आहेत ते अपवाद. सर्वसाधारणपणे स्मशाने, धार्मिक संस्थांच्या मालकीच्या वास्तू, मूळ जागेवरून हलवलेली घरे आणि पन्नास वर्षांच्या आतील बांधकामे पात्र धरली जात नाहीत; खास कारण सिद्ध केले तरच त्यांचा विचार होतो. आता विचार करा. ज्यांना जमीन नव्हती, त्यांच्याजवळ सामूहिक मालकीचे असे काय होते? प्रार्थनेची जागा आणि पुरण्याची जागा. याच काउंटीत १८१० साली स्वतंत्र काळ्या लोकांनी स्थापलेले एलम बाप्टिस्ट चर्च आहे. याच काउंटीत १७८० च्या सुमारास गुलामगिरीत जन्मलेल्या लॉट कॅरीने १८१३ साली स्वतःला आणि आपल्या दोन मुलांना पैसे मोजून सोडवले आणि १८२१ मध्ये तो आफ्रिकेस गेला. म्हणजे या मातीला काळा इतिहास नाही असे नव्हे. खास कारण दाखवून काळ्यांची चर्चे आणि स्मशाने अनेक ठिकाणी नोंदवहीत गेलीही आहेत. पण वाड्याला जे सहज मिळते ते यांना अपवाद म्हणून मागावे लागते. जी व्यवस्था मालकाचे घर नियमात बसवते आणि श्रमिकाचे स्मशान अपवादात टाकते, तिला तटस्थ कसे म्हणायचे?

या घरांच्या वर्णनात ‘घर, कोठारे, शेतजमीन’ अशी मालमत्तेची मोजदाद असते. मूळ मोजदाद एवढी सोज्वळ नव्हती. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला की, मुलाची स्थिती आईवरून ठरेल. आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कोणीही असो. १७०५ च्या कायद्याने तर गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले. घर, जमीन आणि माणसे एकाच सदरात! हेतू असा की, मालक मेल्यावर शेत जसे वारसाकडे जाते तसे माणूसही जावे आणि मळा मोडू नये. कर्जाच्या वसुलीपुरते मात्र त्याच माणसाला जंगम धरून जप्त करण्याची मुभा होती. वारसासाठी स्थावर आणि सावकारासाठी जंगम, स्वतःसाठी मात्र काहीच नाही. ज्यांना वारसा मिळत नव्हता ते स्वतःच वारशात जात होते. म्हणून ‘मूळ मालमत्ता जतन केली’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा विचारले पाहिजे, की त्या मालमत्तेतील चालतीबोलती माणसे कोठे गेली?

वेस्टओव्हरचा विल्यम बर्ड हा तर साहित्याच्या अभ्यासकाने पाहावा असा मासला आहे. त्याच्या संग्रहात तीन हजारांवर ग्रंथ होते. तो सांकेतिक लघुलिपीत गुप्त रोजनिशी लिहीत असे. १७०९ ते १७१२ या वर्षांची रोजनिशी १९४१ मध्ये छापून निघाली. तीत तो रोज सकाळी हिब्रू आणि ग्रीक वाचतो, प्रार्थना करतो, काय जेवला ते लिहितो. त्याच शांत सुरात गुलामांना दिलेल्या फटक्यांच्याही नोंदी करतो. युजीन नावाच्या गुलाम मुलाने अंथरूण ओले केले म्हणून त्याला मूत्र प्यायला लावल्याचे तो नोंदवतो. तोंडाला लगाम अडकवलेला असताना एक काळी स्त्री पळून गेली, हेही नोंदवतो. आज दिसते ते विटांचे घर या नोंदींनंतर बांधले गेले, परंतु जागा तीच, घराणे तेच. अभिजात ग्रंथ माणसाला सुसंस्कृत करतात, असे आपल्या विद्यापीठांत अजून सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी ही रोजनिशी वाचावी. हिब्रूचे पान आणि चाबूक एकाच सकाळी एकाच हातात होते.

‘त्या काळाला आजचे मापदंड लावू नका’ हा आक्षेप येणारच. मी उलट विचारतो: त्या काळाचे मापदंड कोणाचे? लगामासकट पळणारी ती स्त्री काय विसाव्या शतकातून आली होती? दास्य अन्याय्य आहे हे त्याच काळात, त्याच घरात कोणीतरी आपल्या देहाने सांगत होते. ‘त्या काळचे मत’ म्हणून आपण फक्त मालकाचे मत मोजतो.

१८६५ नंतर गुलाम मुक्त झाले, जमीन मुक्त झाली नाही. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्तांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या. घर टिकवायला पैसा लागतो, पैसा जमिनीतून येतो. आजही उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक वास्तूच्या दुरुस्तीवर वीस टक्के केंद्रीय करसवलत मिळते. ज्याच्याकडे वास्तू आहे त्याला! जतन हे केवळ सौंदर्यदृष्टीचे काम नाही, ते मालकीचे उत्तरकांड आहे.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता ही अधिक वाईट, कारण ती अप्रत्यक्ष आणि झाकलेली गुलामगिरी आहे, असे दाखवले होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले तेही याच साम्याच्या जाणिवेतून. आपल्याकडे महार हा पाटलाच्या मालमत्तेत लिहिला जात नव्हता; तो वतनाने गावाला बांधलेला होता. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने रद्द करण्याचा कायदा व्हायला १९५८ उजाडावे लागले. माझ्या वडिलांचे नाव सातबाऱ्यावर कधी लागले नाही. गावातील वाड्याच्या जोत्याचे दगड आमच्या मागच्या पिढ्यांनी वाहिले, असे आजी सांगे; दगड आत गेले, वाहणारे उंबऱ्याबाहेर राहिले. त्या वाड्याचा उल्लेख जिल्ह्याच्या माहितीत येतो. महारवाड्याच्या विहिरीचा येत नाही.

माझे विद्यार्थी विचारतात, मग वाडे पाडायचे काय? नाही. पाडल्याने पुरावा जातो, आणि पुरावा जाणे हे मालकाच्याच सोयीचे. वाडे वाचायचे, आणि पुरते वाचायचे. अमेरिकेत याची सुरुवात झाली आहे. जोसेफ मॅकगिल हा काळा कार्यकर्ता २०१० पासून गुलामांच्या उरलेल्या घरांत रात्री मुक्काम करतो आणि ती घरे जपण्याची मागणी करतो. लुइझियानात मिसिसिपीच्या काठचा व्हिटनी हा मळा २०१४ पासून गुलामांच्या बाजूने इतिहास सांगतो. २०२२ च्या अखेरीस काळ्यांच्या दफनभूमींच्या संरक्षणासाठी केंद्रीय कायदा झाला. हे पुरेसे नाही. पण नोंदवहीचा निकष हाच वादाचा विषय होऊ शकतो, हे यातून सिद्ध होते.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा वाद आपल्या तालुक्यात आणावा. प्रत्येक गावातील चावडी, विहीर, पाणवठा, स्मशान, जुनी तक्क्याची जागा यांची नोंद करावी. वृद्धांकडून नावे लिहून घ्यावीत. वाड्याच्या माहितीफलकावर बांधणाऱ्याचे नाव म्हणून फक्त मालकाचे नाव असेल, तर ‘दगड कोणी वाहिले?’ हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर मिळाले नाही तरी त्या प्रश्नाची नोंद दप्तरात राहील.