गाव नसलेला उतारा

इंग्रजीचा पेपर अवघड निघाला म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने राजीनामा दिला, असं डिसेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात घडलं. पेपर फुटला नव्हता, उत्तरपत्रिका हरवल्या नव्हत्या, निकालात घोळ नव्हता. फक्त उतारे मुलांच्या डोक्यावरून गेले होते.

ही परीक्षा म्हणजे ‘सुनुंग’. दर नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी होते आणि विद्यापीठातला प्रवेश बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतो. २०२५मध्ये साडेपाच लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं होतं. इंग्रजीच्या पेपरात ध्वनिफीत वाजत असते तेवढा वेळ देशभरातली विमानं उतरवत किंवा उडवत नाहीत, इतका तिचा दरारा. पेपर ७० मिनिटांचा, प्रश्न ४५. त्यातले १७ ऐकून सोडवायचे, २८ वाचून. ऐकण्याचा भाग साधारण २५ मिनिटं खातो. म्हणजे वाचनाच्या एका प्रश्नाला दीड मिनिटाहून थोडा जास्त वेळ मिळतो. १००पैकी ९० किंवा जास्त गुण मिळाले तर पहिली श्रेणी. २०२४च्या परीक्षेत ६.२२ टक्के मुलांना ती मिळाली होती. २०२५मध्ये ३.११ टक्क्यांना, म्हणजे बरोबर निम्म्यांना.

दोन प्रश्नांवर बरीच ओरड झाली. एक उतारा कांटच्या कायद्याविषयीच्या विचारांवर होता. त्यात एक जागा रिकामी सोडलेली, पाच पर्यायांतून योग्य तो निवडून तिथे भरायचा. दुसरा व्हिडिओ गेम खेळताना खेळणाऱ्याला आपल्या शरीराची आणि पडद्यावरच्या अवताराची जाणीव कशी होते, याविषयी होता. त्यात एक सुटं वाक्य नेमकं कुठे बसेल ते सांगायचं होतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही इंटरनेटवर हे उतारे वाचून डोकं खाजवत होते.

‘पेपर फार अवघड होता’ ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. अवघड मजकूर वाचता येणं ही विद्यापीठात जाणाऱ्या मुलाकडून करायची रास्त अपेक्षा आहे. कांटवर चार ओळी आल्या तर बिघडत नाही. विचारायचं ते असं, की ही अवघडता आली कुठून? मजकुरातून आली, की मजकुराची जी कापाकापी केली तिच्यातून?

मराठीत आपण याला ‘उतारा’ म्हणतो. मूळ कागदातून उतरवून घेतलेला तुकडा. सातबाराचाही उतारा असतो. पण त्याच्यावर गाव, तालुका, गट नंबर, खातेदाराचं नाव हे सगळं लिहिलेलं असतं. तुकडा कोणत्या जमिनीचा आहे ते कळतं. सुनुंगच्या इंग्रजी उताऱ्याला गाव नसतं. लेखक कोण, पुस्तक कोणतं, प्रकरण पहिलं की शेवटचं, लिहिणारा हे मत मांडतोय की खोडायला घेतोय, काहीच नाही. मधूनच उचललेला परिच्छेद आणि खाली तळटिपेत एक-दोन कठीण शब्दांचे कोरियन अर्थ. गेमच्या पुस्तकात जो वाचक त्या परिच्छेदापर्यंत पोहोचतो, त्याने आधीची पानं वाचलेली असतात. लेखक ‘अवतार’ कशाला म्हणतो हे त्याला माहीत असतं. परीक्षेतल्या मुलाला थेट त्या पानावर सोडून दिलेलं असतं, वर त्यातलं एक वाक्य काढून घेतलेलं असतं.

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझा निम्मा दिवस दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात जातो. अनोळखी फंक्शन समोर आलं की ते ओळीने वाचत बसत नाही कोणी. आधी बघतो, याला हाक कुठून मारली जाते. मग बघतो, हे कधी लिहिलं, कोणत्या बगसाठी लिहिलं, तेव्हाच्या कमिटमध्ये काय टीप आहे. दहा ओळींचा अर्थ त्या दहा ओळींत फार थोडा असतो. हे शोधायला न थांबता अंदाजाने बदल करणाऱ्या माणसाला आमच्याकडे हुशार समजत नाहीत, त्याच्यावर लक्ष ठेवतात. कांट वाचणाऱ्याचं तरी वेगळं काय असतं? संदर्भ शोधणं हा वाचनाचा गाभा आहे, आणि परीक्षा सुरुवातीलाच तो काढून घेते.

का काढून घेते, याचं उत्तर सोपं आहे. परीक्षेला मुलांमध्ये फरक करायचा असतो. सगळ्यांना समजेल असा उतारा तिच्या उपयोगाचा नाही. कोरियाने २०१७पासून इंग्रजीची श्रेणी इतरांशी तुलना न करता ठरावीक गुणांवर द्यायला सुरुवात केली. चढाओढ आणि शिकवण्यांचा खर्च कमी व्हावा हा हेतू होता. पहिल्या वर्षी सुमारे दहा टक्के मुलं पहिल्या श्रेणीत आली. मग ‘फारच सोपं झालं’ आणि ‘फारच अवघड झालं’ यांमध्ये पेपर झोके घेत राहिला. २०२३मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं, की शाळेत न शिकवलेल्या गोष्टींवरचे ‘किलर’ प्रश्न काढून टाका. दोन वर्षांनी हा पेपर आला. शाळेत शिकवलेल्या शब्दांत राहून अवघड काय करता येईल, तर तुकडा अजून कमी ओळखीचा निवडायचा आणि पर्याय एकमेकांच्या अजून जवळ आणायचे.

मुलंही मग परीक्षेला शोभेल असंच वागतात. कोरियात सरकारी शैक्षणिक वाहिनी ईबीएसची सरावपुस्तकं आहेत. शिकवण्या न परवडणाऱ्या मुलांना आधार म्हणून सुनुंगचे ७० टक्के प्रश्न या पुस्तकांशी जोडले गेले होते. इंग्रजीत तर त्यांतले उतारेच्या उतारे परीक्षेत येत. हेतू चांगला होता. मुलांनी काय केलं? त्या इंग्रजी उताऱ्यांची कोरियन भाषांतरं पाठ केली. परीक्षेत पहिली ओळ ओळखली की पुढचं सगळं कोरियनमध्ये आठवायचं आणि उत्तराला खूण करायची. इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत इंग्रजी वाचणं हाच वेळखाऊ मार्ग ठरला. अखेर थेट उतारे घेणं बंद करावं लागलं आणि जोडणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर आणलं गेलं.

हसण्याआधी आपल्याकडचं आठवा. दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपराला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा सल्ला ऐकलाय: आधी प्रश्न वाच, मग उताऱ्यात तो शब्द शोध, त्याच्या मागची-पुढची ओळ उतरवून काढ. सल्ला चुकीचा नाही, मार्क मिळतात. पण प्रश्न आधी वाचून मजकुरात उत्तराचा शब्द शोधणं याला आम्ही कंट्रोल-एफ म्हणतो.

अमेरिकेतल्या एसएटीबाबत तर याहून मजेदार गोष्ट आहे. १९९०मध्ये स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएटीचे आकलनाचे प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना दिले, पण उतारे दिलेच नाहीत. पाच पर्याय असताना नुसत्या अंदाजाने २० टक्के उत्तरं बरोबर यावीत. विद्यार्थ्यांची त्याहून बरीच जास्त बरोबर आली. पर्यायांची भाषा, कोणता जास्त सावध आहे, कोणता टोकाचा आहे, जगात साधारण काय खरं असतं, एवढ्यावर. ज्याला हे येतं तो मुलगा चलाख आहे यात शंका नाही. पण त्याने वाचलं काय?

हाच प्रकार पुढे आमच्या क्षेत्रात झाला. २०१७मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी चिनी शाळकरी मुलांच्या इंग्रजी परीक्षांमधले सुमारे २८ हजार उतारे आणि एक लाखाच्या आसपास प्रश्न गोळा केले आणि ‘रेस’ नावाचा संच बनवला. मशीनला वाचता येतं का, हे तपासायला. मुलांसाठी केलेली परीक्षा आता यंत्र देणार होतं. २०१९पर्यंत मॉडेलं तिच्यात ८० टक्क्यांच्या पुढे गेली. त्याच काळात स्टॅनफर्डच्या रॉबिन जिया आणि पर्सी लिआंग यांनी दुसऱ्या एका प्रसिद्ध संचावर एक साधी खोडी काढली. उताऱ्याच्या शेवटी एक वाक्य जोडलं. माणसाला ते गैरलागू आहे हे लगेच कळावं असं. सोळा मॉडेलांचा सरासरी गुणांक ७५वरून ३६वर आला. पुढच्या वर्षी आणखी एका अभ्यासाने दाखवलं, की काही संचांत नुसता प्रश्न किंवा नुसता उतारा दिला तरी मॉडेलं बऱ्यापैकी गुण मिळवतात.

तेव्हा संशोधकांनी काढलेला निष्कर्ष प्रामाणिक होता: यंत्र वाचायला शिकलं नाही, परीक्षेला शिकलं. टेस्ट हिरव्या झाल्या म्हणजे फीचर चालतंय असं नसतं, हे आमच्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. मग टेस्ट बदलतात. नवे संच येतात, जुने बाजूला पडतात. पण त्याच प्रकारच्या परीक्षेत सतरा वर्षांच्या मुलीला कमी गुण मिळाले तर तिला वाचता येत नाही असं आपण खुशाल मानतो आणि तिच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा त्यावर ठरवतो. यंत्राला दिलेला संशयाचा फायदा तिला कोणी देत नाही.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. या परीक्षांचं मोठं समर्थन हे, की त्या ओळख विचारत नाहीत. जिच्या घरी इंग्रजी पुस्तक नाही, जिच्यासाठी शिफारसपत्र लिहायला कोणी प्राध्यापक काका नाहीत, तिला एक आकडा तरी हाती मिळतो. एमआयटीने २०२२मध्ये एसएटी पुन्हा सक्तीची केली तेव्हा हाच मुद्दा मांडला: परीक्षा काढून टाकल्याने गरीब घरातली तयार मुलं ओळखणं जास्त अवघड होतं. मला हे पटतं. लातूर-नांदेडच्या मराठी माध्यमातल्या मुलाला परदेशातल्या प्रवेशासाठी लिहायचा निबंध ‘पॉलिश’ करून घ्यायला जेवढे पैसे लागतात, त्यापेक्षा आयेल्ट्सची फी भरून स्वतःच्या बळावर गुण आणणं त्याच्या जास्त आवाक्यात असतं. परीक्षा बंद करा असं म्हणणं सोपं आहे, कारण तिच्या जागी जे येतं ते बहुतेक वेळा ओळखीपाळखीचं असतं.

म्हणूनच परीक्षा चांगली असायला हवी. आयेल्ट्सचंच उदाहरण घ्या. तिच्यातही दोष आहेत, पण शैक्षणिक वाचनाच्या पेपरात तीन लांब मजकूर असतात, तास मिळतो, आणि ‘नॉट गिव्हन’ असा एक पर्याय असतो. या पर्यायावर पोरं चिडतात. मला मात्र तो त्या पेपरातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. लेखक याबद्दल काहीच बोललेला नाही, हे ओळखायला मजकूर खरोखर वाचावा लागतो.

याउलट एसएटी. जुन्या पेपरात ५०० ते ७५० शब्दांचे उतारे असत आणि एकेकावर दहा-अकरा प्रश्न. २०२३मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४मध्ये अमेरिकेत ती पूर्ण डिजिटल झाली. आता उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. १५० शब्द म्हणजे फोनच्या एका स्क्रीनभर मजकूर. वेळ वाचतो, पडद्यावर वाचणं सोपं जातं, कंटाळवाण्या विषयाच्या एका लांब उताऱ्यामुळे कोणाचे दहा गुण जात नाहीत, हे फायदे खरे आहेत. पण दुसऱ्या पानावर लेखक आपलंच म्हणणं मागे घेतो, ते १५० शब्दांत तपासता येत नाही. सुरुवातीला दिलेलं उदाहरण शेवटी उलटं वाचावं लागतं, तेही नाही. आणि विद्यापीठात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हातात पडतो तो चाळीस पानांचा लेख.

काय करता येईल? साडेपाच लाख मुलांच्या लेखी उत्तरांना माणसांनी गुण देणं खर्चाचं आहे, मान्य. पण काही गोष्टी फुकट आहेत. उताऱ्याच्या वर पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि ‘इथपर्यंत लेखकाने असं म्हटलं आहे’ अशी दोन वाक्यं छापायला काहीच लागत नाही. सुट्या तुकड्यांऐवजी चार लांब मजकूर देता येतात. कोरियन मुलाला इंग्रजी कळलं का हेच बघायचं असेल, तर प्रश्नांसारखेच सगळे पर्यायही कोरियनमध्ये देता येतात, म्हणजे इंग्रजीची परीक्षा आणि पर्यायांच्या चलाखीची परीक्षा वेगळ्या होतील. यातून फरक कमी पडेल, वरच्या श्रेणीत गर्दी होईल, ही भीती खरी आहे. पण ही अडचण जागा कमी असल्याची आहे. ती उताऱ्याच्या माथी मारायची, आणि उतारा कळला नाही म्हणून मुलांना वाचता येत नाही असं म्हणायचं, हे बरोबर नाही.

राजीनामा दिलेल्या अधिकाऱ्याच्या जागी दुसरे येतील. पुढचा पेपर कदाचित सोपा निघेल आणि पहिली श्रेणी पुन्हा सहा-सात टक्क्यांना मिळेल. बातम्यांत त्याला सुधारणा म्हणतील. तो पेपर हाती आला की टक्केवारी पाहण्याआधी मी उताऱ्याच्या वर बघणार आहे, तिथे लेखकाचं नाव आलंय का.