दोन यंत्रांचा कार्यक्रम : सरासरीची मर्यादा

दोन यंत्रांवरून क्रमाने जाणाऱ्या कामांचा अनुक्रम कसा लावावा, या प्रश्नाचे नेटके उत्तर सेल्मर जॉन्सन यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. सर्व कालावधींतील लहानात लहान आकडा शोधावा. तो पहिल्या यंत्रावरचा असल्यास ते काम आरंभी, दुसऱ्यावरचा असल्यास शेवटी ठेवावे. मग ते काम वगळून हीच कृती पुन्हा करावी. या नियमाचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्याला निश्चित कालावधी लागतात; कारखान्यात हाती असते ती सरासरी. सरासरीलाच निश्चित काळ मानण्याचा प्रघात कितपत ग्राह्य?

एक उदाहरण पुरे आहे. ‘क’ या कामाला पहिल्या यंत्रावर सरासरी २ व दुसऱ्यावर ३ मिनिटे लागतात. ‘ख’ला अनुक्रमे ३ व १२. जॉन्सन यांच्या नियमाने ‘क’ आधी येते. एकूण १७ मिनिटे, उलट क्रमाने १८. हेच कालावधी परस्परांपासून स्वतंत्र असून घातांकी वितरणाने बदलतात असे धरल्यास ‘क–ख’ क्रमाला सरासरी १८.५ मिनिटे लागतात, ‘ख–क’ला सुमारे १८.३. निर्णयच उलटतो. दुसरे यंत्र मोकळे होणे आणि पुढील काम तेथे पोहोचणे, यांपैकी जे उशिरा घडेल त्यासाठी थांबावे लागते. ‘क–ख’ क्रमात या दोहोंची सरासरी सारखीच, ३ मिनिटे, असल्याने एकाचा ना एकाचा खोळंबा ठरलेला. निश्चित गणितात मात्र तो शून्य दिसतो.

अशा कालावधींसाठी तलवार यांनी १९६७ मध्ये निराळा नियम सुचविला व कनिंगहॅम आणि दत्ता यांनी १९७३ मध्ये तो सिद्ध केला. सरासरी काळाचा व्यस्त म्हणजे वेग; पहिल्या यंत्रावरील वेगातून दुसऱ्यावरील वजा करावा आणि ज्याची बाकी मोठी ते काम आधी घ्यावे. येथे ‘क’ची बाकी १/६, ‘ख’ची १/४.

तथापि हा नियमही सार्वत्रिक नव्हे. घातांकी वितरणाला गतकाळाची स्मृती नसते : दहा मिनिटे चाललेल्या कामाचा शिल्लक काळ नुकत्याच सुरू झालेल्या कामाइतकाच अपेक्षित असतो. बिघाड शोधण्याच्या कामाला हे एक वेळ शोभेल; लेथवर ठरावीक मापाची सळई कातण्याला नाही. म्हणून नियम निवडण्यापूर्वी कालावधींची चंचलता मोजणे अगत्याचे ठरते. एरवी १७ मिनिटांचे वेळापत्रक भिंतीवर लागते, सरासरीने दीड मिनिट उशीर होतो, आणि गणितातील दोष कामगाराच्या माथी मारला जातो.