उतारावरचं भारत भवन

भोपाळच्या शामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या काठाशी भारत भवन आहे. रस्त्यावरून पाहिलं तर ते इमारत म्हणून दिसतच नाही. कमान नाही, खांबांची रांग नाही, लांबून ओळखू यावा असा घुमट नाही. दिसतात त्या सपाट गच्च्या, बुटके कठडे, गच्च्यांतून मधूनच वर डोकावणारी काँक्रीटची कवचं आणि या सगळ्याच्या पलीकडे पाण्याचा विस्तार. चार्ल्स कोरियांनी ही वास्तू टेकडीच्या उतारात टप्प्याटप्प्याने बसवली आहे. आपल्याकडच्या सार्वजनिक वास्तुकलेत जे मोजके धाडसी निर्णय झाले, त्यांत मी याला फार वरचं स्थान देतो. राज्य सरकारचा प्रकल्प, राजधानीचं शहर, मोक्याची जागा. आणि तरीही वास्तुकाराने दर्शनी भाग ठेवलाच नाही. इथे पाहण्यासारखा आहे तो तलाव, हे त्याने मान्य केलं आणि इमारत त्याच्या आड येऊ दिली नाही.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र न्यासाचा कायदा केला. पैसा सरकारी, नफ्याचा हेतू नाही, कारभार न्यासाकडे, अशी ही घडण. कवी आणि प्रशासक अशोक वाजपेयी यांचा या संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा. चित्र-शिल्पांसाठी ‘रूपंकर’, नाटकासाठी ‘रंगमंडल’, कवितेसाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’ असे विभाग आखले गेले. अशा बहुकलाकेंद्रांची गत आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक कलेला एकेक मजला मिळतो, लिफ्टमधून माणूस थेट आपल्या मजल्यावर जातो आणि चित्रकाराचा गायकाशी संबंध येतो तो फार तर चहाच्या टपरीवर. भारत भवन या दुखण्यातून सुटलं ते त्याच्या वाटेमुळे.

आत शिरल्यावर ही वाट खाली उतरते. कलेच्या घरात जायचं म्हणजे चढायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. आधी रुंद पायऱ्या, मग उंच दरवाजा, मग आपोआप दबकं होणारं पाऊल. इथे चार पायऱ्या उतरा, एक गच्ची लागते, गच्चीच्या कडेला खोलगट अंगण, अंगणात शिल्पं आणि भोवती दालनांची दारं, पुन्हा पायऱ्या. आपण चालतो ती फरसबंदी खालच्या दालनाचं छत असते, हे बऱ्याच वेळाने लक्षात येतं. वाईचा किंवा मेणवलीचा घाट पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. घाटाची पायरी चालायची, बसायची, धुणं धुवायची, पूजेची आणि पालखी पाहायचीही असते. भारत भवनातली पायरीही तशीच आहे. तिच्यावरून लोक जातात, तिच्यावर मुलं अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसतात, नट तिथे संवाद पाठ करतात. भोपाळकरांना तिकीट काढून काही पाहायचं नसलं तरी संध्याकाळी इथे टेकायला जागा मिळते. उघड्या आकाशाखालची जागा ही उष्ण हवेच्या देशात खोलीइतकीच महत्त्वाची, किंबहुना सकाळ-संध्याकाळ खोलीहून अधिक उपयोगाची, हा कोरियांच्या आयुष्यभराच्या विचाराचा गाभा. साबरमतीच्या गांधी स्मारक संग्रहालयात तो १९६३ मध्येच दिसला होता. तिथे तो सपाट जमिनीवर होता. भोपाळला उतार मिळाला आणि त्यात खाली ओढून नेणारी गती आली.

या गतीचा परिणाम साधा पण खोल आहे. नाटकाला आलेल्या माणसाला चित्रांच्या दारावरून जावं लागतं. चित्र पाहायला आलेल्याच्या कानावर तालमीतला ढोलक पडतो. एका कलेचा माणूस दुसरीच्या हद्दीतून, परवानगी न मागता, रोज ये-जा करतो. संस्थेच्या घटनेत ‘कलांचा परस्परसंवाद’ असं कलम घालून हे साधलं नसतं. जिने आणि अंगणं कुठे पडतात, यावर ते ठरलं.

आता उजेडाबद्दल. जमिनीत अर्धी शिरलेली दालनं म्हटली की तळघर डोळ्यांपुढे येतं. तसं होऊ नये म्हणून कोरियांनी दोन वाटांनी वरून उजेड घेतला आहे. गच्च्यांच्या कठड्यांलगत फटी ठेवल्या आहेत. बाहेरून जो कठडा वाटतो, त्याच्या पोटातून खालच्या भिंतीवर उजेड उतरतो. आणि ती काँक्रीटची कवचं, रस्त्यावरून जी निव्वळ आकार वाटली होती, ती आतून उजेडाची तोंडं आहेत. थेट ऊन चित्रावर येत नाही, पण दिवस कुठल्या प्रहरात आहे ते कळत राहतं. ढग आला की दालनात कळतं. वातानुकूलित, खिडकीविरहित कलादालनांची सवय झालेल्या डोळ्यांना हे आधी विचलित करणारं वाटेल. मला मात्र चित्र पाहण्याचा हाच रास्त मार्ग वाटतो, कारण ती चित्रंही बदलत्या उजेडातच काढली गेली.

अंगणाकडच्या मोठ्या दारांपाशी मी मुद्दाम थांबतो. त्यांना दोन पदर आहेत. आतल्या पदरात काही भाग पक्क्या काचेचा, काही उघडता येणाऱ्या फळ्यांचा. म्हणजे उजेड आणि वारा यांचा हिशेब वेगवेगळा ठेवलेला. बाहेरचा पदर भरभक्कम लाकडी दारांचा, रात्री बंद करण्यासाठी. दिवसा ती दारं सताड उघडी असली की दालन आणि अंगण एक होतात. इमारतीचा सगळा मोकळेपणा शेवटी अशा दोन पदरांवर तोललेला असतो. मौल्यवान संग्रह राखायचा आणि तरी दार उघडं ठेवायचं, हा पेच सुताराच्या कामात सोडवलेला पाहून फार समाधान वाटतं.

या दालनांत काय ठेवायचं, हा प्रश्न जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे आला आणि इथे वास्तूला तिच्या तोडीचा माणूस मिळाला. रूपंकरचे पहिले संचालक म्हणून त्यांनी तरुण चित्रकारांना, विद्यार्थ्यांना मध्य प्रदेशातल्या गावागावांत पाठवलं. तिथून आलेलं आदिवासींचं आणि लोककलाकारांचं काम त्यांनी मानववंशशास्त्राच्या कपाटात ठेवलं नाही. शहरी चित्रकारांच्या कामाशेजारी, त्याच संग्रहालयात, त्याच मानाने ठेवलं. एका दालनातून दुसऱ्यात जाताना मध्ये फक्त उघडं आकाश. स्वामिनाथन यांचं म्हणणं होतं की हे लोक आज, आपल्याबरोबर जगत आहेत, म्हणून त्यांची कलाही आजचीच. चाळीसहून अधिक वर्षांनीही हे म्हणणं आपल्या संग्रहालयांना पुरतं पचलेलं नाही.

याच शोधात १९८१च्या सुमारास पाटनगढचा जनगढ सिंह श्याम सापडला. तो परधान गोंड. परधान हे गोंडांचे कथागायक. बाना वाजवत देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे. गाण्यात राहिलेल्या त्या देवांना जनगढने कागदावर रूप दिलं. त्याच्या चित्राजवळ नाक नेऊन उभं राहावं. बाहेरची रेषा एका दमात ओढलेली असते, आणि तिच्या आत ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या रांगा एका दिशेने चालत जातात, अचानक वळतात, दाट होतात, विरळ होतात. प्राण्याच्या पाठीवर त्यांची एक लय, पोटाशी दुसरी. गाणाऱ्यांच्या कुळातला हात आहे हे पटतं. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने आयुष्य संपवलं; तोवर त्याच्या मागे अख्खी चित्रपरंपरा उभी राहिली होती.

भूरीबाईंची गोष्ट तर या भिंतींच्याच आतली आहे. झाबुआकडच्या पिटोल गावच्या त्या भील. भारत भवनाचं बांधकाम चालू असताना तिथे मजुरी करत होत्या. स्वामिनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं. घराच्या भिंतीवर गेरू, कोळसा, पानांचा रंग वापरून काढायची सवय. कागद आणि तयार रंग प्रथमच हाती आले. पुढे त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी इमारतीसाठी ओझी वाहिली, त्यांचंच काम तिच्या संग्रहात यावं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आणि सोनाबाई रजवार. सरगुजातल्या पुहपुत्रा गावच्या. कित्येक वर्षं घरात जवळजवळ एकट्या. मुलासाठी मातीची खेळणी करता करता त्यांनी सगळं घर मातीच्या आकृत्यांनी भरलं. बांबूच्या कामट्यांची कडी बांधायची, त्यांवर माती लिंपायची आणि त्यांच्या जाळ्या उभ्या करायच्या. या जाळ्यांतून घरात उजेड गाळून येई, वारा येई, ऊन बाहेर राही. ऐंशीच्या दशकात भारत भवनाची माणसं तिथवर पोचली. मला हा योग विलक्षण वाटतो: एक वास्तुकार काँक्रीटच्या कवचांतून आणि कठड्याच्या फटींतून जो प्रश्न सोडवत होता, तोच एक बाई कुठलाही नकाशा न पाहता माती आणि बांबूने सोडवत होती. मात्र इथे एक तक्रारही आहे. जाळी दालनात आणली की ती शिल्प होते. तिच्या मागे ऊन नसतं, वारा नसतो, तिच्या कड्यांची सावली पडायला शेणाने सारवलेली जमीन नसते. तिचं निम्मं काम थांबतं. ज्या वास्तूला वरचा उजेड इतका कळला, तिथे मातीच्या जाळीसाठी उन्हाची एक जागा राखून ठेवणं अशक्य नव्हतं.

नाट्यगृहांकडे वळू. ‘अंतरंग’ हे बंदिस्त सभागृह. अंधार करता येतो, दिवे टांगता येतात, पावसाळ्यात प्रयोग अडत नाही. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं माझ्याजवळ नाही. ‘बहिरंग’ची गोष्ट वेगळी. उताराच्या तळाशी, तलावाकडे तोंड करून बसलेलं हे खुलं नाट्यगृह. वरून इथवर ज्या पायऱ्या आपण उतरलो, त्याच शेवटी प्रेक्षकांच्या बैठका होतात. रंगमंचाच्या मागे पडदा नाही, पाणी आहे. दिग्दर्शकाला ही मोठी परीक्षा. मागे सूर्य मावळत असताना, कापडावर रंगवलेला राजवाडा तिथे टिकत नाही. खोलीतलं नाटक, चहाचे कप आणि सोफासेट घेऊन तिथे गेलं तर पोरकं दिसेल. तिथे हवीत ती शरीराने जागा निर्माण करणारी नाटकं.

अशी नाटकं करणारा माणूस पहिल्या दिवसापासून तिथे होता, हे भारत भवनाचं दुसरं भाग्य. ब. व. कारंत यांनी रंगमंडलाची व्यावसायिक मंडळी उभी केली. स्थानिक बोली, लोकगीतं, तऱ्हेतऱ्हेच्या आवाजांतून घडवलेलं संगीत यांवर त्यांचा भर होता. १९८२च्या सुरुवातीच्या नाटकांत आपल्या तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ही होतं. पुण्यात डॉ. जब्बार पटेलांनी केलेल्या १९७२च्या प्रयोगात ब्राह्मणांची ओळ हीच भिंत होती, पडदा होता, शहर होतं. माणसांच्या ओळीने जागा बांधण्याची ही रीत आणि कोरियांची नेपथ्याविना मोकळी ठेवलेली जागा, दोन्ही एकाच गरजेतून आलेली आहेत.

कोरियांनी पणजीच्या कंपालला मांडवीकाठी बांधलेली कला अकादमी मराठी वाचकांना अधिक परिचयाची. तिथल्या मराठी नाट्यस्पर्धांना गेलेल्यांनी मास्टर दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक पाहिले असतीलच. दोन्ही वास्तू पाण्याकडे जातात, पण पणजीत पाणी सपाटीवर, रस्त्यावरून आरपार दिसणारं. तिथे तुम्ही सावलीतून चालत नदीकाठी पोचता. भोपाळला पाणी खाली असतं आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचा थोडा वेगळा तुकडा दिसतो. मला भोपाळचं अधिक आवडतं, कारण तिथे पोचायला वेळ लागतो.

तो वेळ सर्वांना परवडत नाही, हेही म्हटलंच पाहिजे. गुडघे दुखणाऱ्याला बहिरंगातून परत वर येणं ही शिक्षा आहे, आणि चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाचा विचार या पायऱ्यांनी मुळात केलेला नाही. रचनेचं जे मर्म, तेच काहींना बाहेर ठेवतं. मे महिन्यात तापलेली फरसबंदीही कुणाला बसू देत नाही. तेव्हा ही वास्तू सूर्य कलल्यावरच जागी होते.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: सोमवारी भारत भवन बंद असतं, इतर दिवशी ते दुपारी उघडतं. प्रयोग असेल त्या दिवशी उघडल्या उघडल्या जावं. आधी रूपंकर पाहून घ्यावं, वरून उजेड येत आहे तोवर. दिवे लागल्यावर जनगढचे ठिपके सपाट दिसतात. मग अंगणात बसावं, आणि बहिरंगात जागा धरायची ती मधल्या पायरीवर. फार पुढे बसलं तर नटांच्या आड तलाव जातो, फार मागे बसलं तर तलावापुढे नट लहान होतात.