वहनक्षमतेचा आकडा

सप्टेंबर उजाडला की साताऱ्याजवळच्या कास पठाराची रंगीत छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. त्यांच्या पाठोपाठ एक आकडाही येतो : दिवसाला तीन हजार. एवढ्याच पर्यटकांना पठारावर प्रवेश, तोही आगाऊ नोंदणी करून. शाळेची सहल न्यायची असेल तर हा आकडा शिक्षकांनाही लक्षात ठेवावा लागतो. तीन हजार फार झाले, दोन हजार ठेवा, असे कोणी म्हणते. पाच हजार आले तरी काय बिघडते, असे हॉटेलवाल्यांना वाटते. आम्हाला या वादाच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे. एखाद्या जागेला किती पर्यटक पेलतील याचा नेमका आकडा निसर्गात असतो का? असेल, तर तो मोजायचा कसा?

पर्यटनावरच्या अहवालांत या आकड्याला ‘वहनक्षमता’ म्हणतात. हा शब्द मूळचा पर्यटनातला नाही. आधी तो जहाजांच्या मालासाठी वापरला जाई, नंतर कुरणांसाठी वापरात आला. अमुक एकर कुरणावर किती गुरे चरू शकतील, असा तो हिशेब होता. पुढे सजीवांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्यांनी तो उचलला. कुरणाच्या बाबतीत या कल्पनेत अर्थ आहे, कारण गुरे गवत खातात. गुरे फार झाली की गवत कमी पडते, गवत कमी पडले की गुरे रोडावतात, दूध आटते, मालक काही जनावरे विकून टाकतो. म्हणजे संख्येला आवर घालणारी यंत्रणा त्या कुरणातच असते. (तिथेही पाऊस कमी झाला की आकडा बदलतोच, पण ते असो.)

पर्यटक मात्र फुले खाऊन जगत नाही. पठारावरची सगळी फुले तुडवली गेली तरी त्याचा डबा त्याच्या पिशवीत शाबूत असतो. जागा बिघडली म्हणून पर्यटकांची संख्या लगेच घटते असेही नाही. कित्येकदा गर्दीची बातमी वाचूनच आणखी गर्दी होते. आवर घालणारी यंत्रणाच नसेल तर तिच्यातून निघणारा आकडाही नसतो. तो बाहेरून कोणीतरी ठरवावा लागतो. इथवर काही बिघडत नाही. माणसाने ठरवलेला आकडा निसर्गाने दिला आहे असे भासवले जाते, तिथे आमचे भांडण सुरू होते.

हे भासवण्याचे साधन म्हणजे एक सूत्र. कोस्टा रिकातील संरक्षित क्षेत्रांसाठी मिगेल सिफुएन्तेस यांनी ते १९९२ मध्ये मांडले आणि आज अनेक देशांतल्या अहवालांत ते वापरले जाते. सूत्र सोपे आहे, आठवीच्या मुलांनाही जमेल. एक काल्पनिक पठार घेऊ. पायवाट २,००० मीटर, दर माणसामागे १ मीटर जागा, म्हणजे एका वेळी २,००० माणसे. पठार १० तास उघडे आणि एका फेरीला अडीच तास लागतात, म्हणजे दिवसात ४ फेऱ्या. एकूण ८,०००. आता यातून कपात करायची. पावसासाठी ०.७ ने गुणा, जमिनीच्या धुपीसाठी ०.८ ने, चढासाठी ०.९ ने. उरले ४,०३२. शेवटी व्यवस्थापनाची क्षमता. कर्मचारी, गाड्या, स्वच्छतागृहे हवी त्याच्या ६० टक्केच आहेत, म्हणून ०.६ ने गुणा. उत्तर आले २,४१९. अहवालात हा आकडा एककापर्यंत छापला की मोठा भारदस्त दिसतो.

आता मुलांना हेच गणित थोडे हलवून बघायला सांगा. दर माणसामागे १ ऐवजी ३ मीटर जागा धरली, तर उत्तर ८०६ येते. फेरी अडीच तासांऐवजी दोन तासांची धरली, तर ३,०२४. यांतली कोणतीही निवड चूक म्हणता येणार नाही. पावसाची आणि धुपीची कपात वेगवेगळी केली आहे, जणू काही धूप पावसाशिवायच होते! सगळ्यांत गमतीची गोष्ट व्यवस्थापनाच्या कपातीची. रखवालदार नेमले, तिकिटाच्या खिडक्या वाढवल्या आणि ०.६ चे ०.९ केले की वहनक्षमता थेट दीडपट होते. पठारावर एकही रोप वाढलेले नसते.

आणि या सूत्रात फुले कुठे आहेत? कुठेच नाहीत. ज्या गोष्टीसाठी माणसे येतात आणि जी टिकवायची आहे, तिची एकही नोंद न घेता हा आकडा निघतो. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

म्हणून आता फुलांकडे वळू. कासचे पठार म्हणजे काळ्या पाषाणावर जांभ्याचे झाकण, सुमारे १,२०० मीटर उंचीवर. त्यावरचा मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या खोलगट भागांत पाणी साचते, उन्हाळ्यात खडक तापतो. मातीत नत्र फार कमी. सीतेची आसवे ही नाजूक निळी वनस्पती किंवा दवबिंदू बारीक किडे पकडून नत्राची गरज भागवतात, त्या याच अडचणीमुळे. जिथे माती खोल आणि सकस असते तिथे उंच गवत आणि झुडपे माजतात आणि या बुटक्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे इथे दिसतात ते जमीन गरीब आहे म्हणून. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील निवडक जागा जागतिक वारसा ठरल्या. त्यांत कासही आहे, ते या गरिबीच्या जोरावर.

अशा जमिनीवर पाऊल पडले तर काय होते? ओली, पातळ माती दाबली जाते, तिच्यातली हवेची पोकळी मिटते, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते, आणि वाहताना माती नेते. किती पावलांनी किती नुकसान होते, हे मोजण्याची रीत अमेरिकेतील वनसेवेचे संशोधक डेव्हिड कोल आणि ब्रिटनमधील नील बेफील्ड यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब असे पट्टे आखायचे. एकावरून २५ वेळा चालायचे, दुसऱ्यावरून ७५, तिसऱ्यावरून २००, चौथ्यावरून ५०० वेळा, आणि एक पट्टा तसाच सोडायचा. मग झाकलेली जमीन आणि उघडी पडलेली जमीन यांची तुलना करायची, ताबडतोब आणि वर्षानंतर पुन्हा.

असे प्रयोग अनेक प्रकारच्या वनस्पतींवर झाले आहेत. त्यांतून वारंवार दिसते ते असे, की नाजूक वनस्पतींचे बरेचसे नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होते. पुढची शेकडो पावले त्यात फारशी भर घालत नाहीत, कारण तुडवायला उरलेलेच थोडे असते. आलेख काढला तर रेषा आधी ताठ चढते आणि मग आडवी होते.

या वाकड्या रेषेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. तीन हजार माणसे एकाच पायवाटेवरून गेली तर पायवाट जाते, बाकीचे पठार राहते. पण तीनशेच माणसे आली आणि प्रत्येकाने फुलांत बसून छायाचित्र काढण्यासाठी आपली वेगळी वाट पाडली, तर तीनशे नव्या जागी ती पहिली पावले पडतात. माणसे दहापट कमी, नुकसान कदाचित जास्त. पर्यटकांची संख्या निम्मी केली म्हणजे हानी निम्मी झाली, हे त्रैराशिक इथे लागू पडत नाही. दिवसाच्या आकड्यावर एवढी चर्चा होते. वाट कुठून काढायची, ओल्या दिवशी कोणता भाग बंद ठेवायचा, यावर तिच्या दशांशही होत नाही.

गुरांचीही गोष्ट अशीच. संरक्षण म्हणून पठाराच्या काही भागाला जाळीचे कुंपण घालण्यात आले, चराई थांबली. त्यानंतर गवत वाढून फुले दबतात, अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि काही वनस्पती-अभ्यासकांनी केली. या तक्रारीत तथ्य असणे शक्य आहे. गुरे उंच गवत खाऊन बुटक्या वनस्पतींना ऊन मोकळे करतात, पण तीच गुरे माती तुडवतात आणि शेणातून नत्रही देतात. किती गुरे, कोणत्या महिन्यात, यावर निकाल अवलंबून आहे. पर्यटक मोजण्याच्या नादात या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले, आणि ज्यांची गुरे पिढ्यानपिढ्या इथे चरत होती त्यांना मात्र कुंपणाबाहेर राहावे लागले.

मग संख्या कुठेच महत्त्वाची नाही का? आहे. मोकळे पठार सोडून बंद गुहेत गेलो की प्रश्न बदलतो. आपल्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभरपट असतो. एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो आणि श्वास व घाम मिळून तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. चाळीस जणांचा वर्ग अजिंठ्याच्या एखाद्या लेण्यात तासभर थांबला, तर चार हजार वॅटची शेगडी पेटवून दोन लिटर पाणी हवेत उडवल्यासारखे होते. अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, आणि त्या गिलाव्यात भाताची टरफले आणि वनस्पतींचे तंतू आहेत. दमटपणा चढ-उतार करू लागला की गिलावा फुगतो, आकसतो आणि शेवटी सुटतो. इथे प्रत्येक माणसागणिक भार वाढतो, म्हणून एका वेळी आत किती जण हा प्रश्न रास्त ठरतो. दिवसाला किती, हा त्यामानाने दुय्यम.

पण गुहेतही माणसे मोजून भागत नाही. फ्रान्समधील लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रे १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. दिवसाला हजारावर माणसे येऊ लागली, भिंतींवर हिरवे शेवाळ आणि चुन्याचे पांढरे स्फटिक दिसू लागले, आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८३ पासून लोकांना शेजारची प्रतिकृती दाखवतात. एवढे करूनही २००१ मध्ये, हवा खेळवण्याची नवी यंत्रणा बसवल्यानंतर, आत पांढरी बुरशी पसरली. पर्यटक शून्य होते. अजिंठ्यातही पावसाचा पाझर, कीटक, वटवाघळे आणि १९२० च्या सुमारास निजामाच्या कारकिर्दीत इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लावलेला, नंतर पिवळा पडलेला लाखेचा थर, या सगळ्यांनी चित्रांचे नुकसान केले आहे. गुहेचे तापमान, दमटपणा, कार्बन डायऑक्साइड हे रोज मोजले तरच कोणामुळे काय होते ते कळेल. दारावर तिकिटे फाडून ते कळत नाही.

अधिकारी यावर म्हणतील, शास्त्रज्ञांचे ठीक आहे, आम्हाला फाटकावर उभे राहायचे असते. एक आकडा हातात असला तर गर्दी रोखता येते. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. गाड्या लावायला किती जागा आहे, स्वच्छतागृहे किती आहेत, यावरून आकडा ठरवावा आणि तसे उघड सांगावे. मात्र आकडा नुसता असल्याने गर्दी थांबते, हा भ्रम आहे. गॅलापागोस बेटांवर १९७० च्या दशकात वर्षाला १२,००० पर्यटकांची मर्यादा सुचवली गेली होती. ती पुढे वाढवत नेली गेली, आणि २०१८ मध्ये तिथे अडीच लाखांहून अधिक लोक गेले. आकडा एकदा सरकला की त्याला धरून ठेवणारे काही नसते, कारण तो कशाच्या आधारावर होता हे कोणालाच सांगता येत नाही.

पर्यटनाच्या अभ्यासकांमध्येही ही अडचण ओळखणारे लोक होते. अमेरिकेच्या वनसेवेत जॉर्ज स्टँकी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रश्नच उलटा केला : किती माणसे चालतील असे न विचारता, किती बदल चालेल ते विचारा. पायवाटेच्या कडेची किती रुंदी उघडी पडलेली चालेल? गेंदाचे दाट पट्टे किती विरळ झाले तर हात आखडता घ्यायचा? हे आधी ठरवायचे, दरवर्षी मोजायचे, आणि मर्यादा ओलांडली की उपाय बदलायचा. यात ‘चालेल’ हा शब्द महत्त्वाचा. काय चालेल हे विज्ञान सांगू शकत नाही. पार्किंग आणि वाटाड्याच्या कामावर घर चालवणारा कास गावचा माणूस, गुरे राखणारा, वनखाते, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि दुरून येणारा पर्यटक यांची उत्तरे वेगवेगळी असणार. त्यांनी एकत्र बसून भांडले पाहिजे. सूत्रातून काढलेला आकडा पुढे केला की हे भांडण टळते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा निर्णय विज्ञानाच्या नावाने खपतो.

कोल-बेफील्ड यांचा प्रयोग शाळेच्या मैदानावर, पावसाळ्यानंतर वाढलेल्या साध्या गवतावर करता येतो. कासवर तो करू नये हे सांगायला नकोच. पाच पट्टे सुतळीने आखा. मुलांचे वजन आणि चपला-बूट यांची नोंद ठेवा. फेऱ्या झाल्या की पट्ट्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या चौकटींची जाळी ठेवून किती चौकटींत हिरवे उरले ते मोजा. मग तळ काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन बोटे रोवून त्यात पेलाभर पाणी ओता आणि ते मुरायला लागणारा वेळ घड्याळावर पाहा. पट्टे पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवले तर दुसऱ्या वर्षीच्या वर्गाला निम्मा प्रयोग आयता मिळेल.