क्रुकशँक, जॉर्ज

(२७ सप्टेंबर १७९२–१ फेब्रुवारी १८७८). इंग्रज व्यंगचित्रकार, अम्लरेखनकार व ग्रंथचित्रकार. जन्म लंडन येथे. वडील आयझॅक हेही व्यंगचित्रकार. ताम्रपटावरील रेखनाचे धडे त्यांच्याच हाताखाली मिळाले. जेम्स गिलरे वेडा झाल्यावर त्याचे काही अपुरे चित्रपट क्रुकशँकने पुरे केले व राजकीय उपहासचित्रणाचा वारसा त्याच्याकडे आला. बनावट नोटा खपविल्याबद्दल स्त्रियांनाही फाशी दिली जाते, हे पाहून १८१९ मध्ये त्याने बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेचे विडंबन केले : तीवर फासावर लटकणाऱ्यांची रांग, पौंडाचे चिन्ह दोराचे, तर सही जल्लादाची. विल्यम होन या प्रकाशकाच्या उपहासपर पुस्तिकांसाठीही त्याने काष्ठठशांची चित्रे काढली. चौथ्या जॉर्ज राजाला अनीतिमान प्रसंगात चितारू नये, म्हणून १८२० मध्ये त्याला १०० पौंड देण्यात आले; तरी त्याच वर्षी होनच्या पुस्तिकेत त्याने राजाच्या वैवाहिक वर्तनाची टर उडविलीच. पुढे मात्र तो ग्रंथचित्रणाकडे वळला.

हा बदल म्हणजे ऱ्हास, असे म्हणणे एकांगी ठरेल. ग्रिमबंधूंच्या कथांच्या इंग्रजी अनुवादातील (१८२३) त्याची छोटी अम्लरेखने खेळकर आहेत. डिकिन्झच्या ऑलिव्हर ट्विस्टमधील (१८३८) फाशीच्या कोठडीत बसलेला फेगिन तर उपहासापलीकडचा आहे : नखे कुरतडणारी बोटे आणि फाटलेले डोळे एवढ्यावरच भीती उभी राहते. याउलट द बॉटल (१८४७) ही मद्यपानविरोधी ८ चित्रांची मालिका लोकप्रिय झाली खरी; पण तीत उपदेशाचा भार रेषेला पेलवत नाही. लंडन येथे त्याचे निधन झाले.